एकही नाव वाचलं नाही?

वह्या मिटा आणि उभे राहा. मागच्या बाकावरचेही.

काल तुमचे सहलीवरचे निबंध तपासले. जवळजवळ सगळ्या वह्यांत तेच: ‘हुतात्मा चौक पाहिला, गेटवे पाहिला, चैत्यभूमी पाहिली, खूप मजा आली.’ पाहिला म्हणजे काय पाहिलं? हुतात्मा चौकात पुतळे कोणाचे आहेत? सांगा. आता माना खाली का गेल्या? तिथं राजा नाही, सरदार नाही. मशाल धरून उभे आहेत ते एक कास्तकार आणि एक कामगार. तुमच्यातल्या बहुतेकांच्या घरी सोयाबीन आणि तूर पिकते. तुमच्या बापासारखा माणूस राजधानीच्या भर चौकात उभा आहे आणि तुम्ही त्याच्याकडे पाठ फिरवून फोटो काढत होता!

परतताना गाडीत एक जण म्हणाला, ‘मॅडम, ते मुंबईवाल्यांचं भांडण होतं, आपला काय संबंध?’ आता ऐक. 1955 साली फाजल अली आयोगानं अहवाल दिला. त्यात मुंबईचं द्विभाषिक राज्य सुचवलं होतं आणि विदर्भाचं राज्य वेगळं. मुंबईसह मराठी राज्य मागत 21 नोव्हेंबरला कामगारांचा मोर्चा फ्लोरा फाउंटनला, म्हणजे त्याच चौकात, आला आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्या एका दिवशी 15 माणसं गेली. लढा पुढं चालला, आणि आज 107 हुतात्मे मानले जातात. 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला, त्यात आपला वऱ्हाडही आला. तुझ्या गुणपत्रिकेवर ज्या राज्याचं नाव छापलं आहे, ते असं झालं. विदर्भ वेगळा हवा असं मोठेपणी वाटलं तर खुशाल सभेत उभा राहून मांड, मी ऐकायला येईन. पण तेव्हाही ही माणसं का मेली हे तुला ठाऊक असलं पाहिजे.

समुद्र तुम्ही पहिल्यांदा पाहिला. नाचलात, ओरडलात, भिजलात. मी अडवलं का? मलाही बरं वाटलं. माझा राग त्याच्या नंतरच्या गोष्टीवर आहे. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्या पुतळ्याशी तुम्ही भेळ खाल्ली आणि कागद तिथंच टाकले. चिंचेच्या चटणीचे ओघळ कठड्यावरून खाली आले होते, ते मी माझ्या रुमालानं पुसले. हा माणूस साताऱ्याकडच्या केडंबे गावचा, पोलिसात सहायक फौजदार. 2008 च्या नोव्हेंबरात मुंबईवर अतिरेक्यांचा हल्ला झाला, त्या रात्री हातात फक्त लाठी होती. त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली, गोळ्या पोटात घेतल्या आणि नळी सोडली नाही. म्हणून तो अतिरेकी जिवंत हाती लागला. पुढं सरकारनं त्यांना मरणोत्तर अशोक चक्र दिलं. हे तिथं उभी राहून मी सांगत होते, तेव्हा तुमच्यातले निम्मे गोळेवाल्याभोवती होते.

चैत्यभूमीवर तर मला लाज वाटली. आपल्याच भागातून दर 6 डिसेंबरला म्हाताऱ्या बाया भाकरी बांधून दादरला जातात, तासन्‌तास रांगेत उभ्या राहतात, आणि एकीच्याही तोंडून तक्रार निघत नाही. तुम्हाला तिथं दहा मिनिटं गप्प राहवलं नाही. ‘चला ना मॅडम, शाहरुखचा बंगला दाखवा.’ बाबासाहेब दिल्लीत गेले आणि 7 डिसेंबर 1956 ला याच किनाऱ्यावर त्यांना अग्नी दिला, हे तुमच्या पुस्तकात असो नसो, मी स्टेशनवरच सांगितलं होतं.

या सहलीचे पैसे कोणी कसे भरले ते मला माहीत आहे. दोन घरी तर तूर विकायच्या आधी उसनवारी झाली. त्या आयांनी पोरगं राजधानी पाहून येईल म्हणून पैसे दिले, फोनमध्ये स्वतःचे शंभर चेहरे भरून आणायला नाही.

वह्या परत न्या. निबंध पुन्हा लिहायचा. प्रत्येकानं एकच जागा घ्यायची: तिथं कोण होतं, काय झालं, कोणत्या साली. ‘मजा’ हा शब्द दिसला तर वही परत. शनिवारी सकाळी माझ्या टेबलावर हव्यात. आणि खिळ्यानं दगडावर स्वतःचं नाव कोरायला निघालेला तू, मधल्या सुट्टीत येऊन मला भेट. सोमवारी वडिलांना घेऊन ये.