हनुवटीखालचे पन्नास टोचे

डिसेंबर २०२२मध्ये ‘एंडो’ या औषध कंपनीने ‘क्वो’ हे आपले इंजेक्शन बंद करत असल्याचे जाहीर केले. बायकांच्या नितंबांवर जे खळगे दिसतात, ज्यांना सेल्युलाइट म्हणतात, त्यांच्यासाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मान्य केलेले ते पहिले इंजेक्शन. मान्यता मिळाली होती जुलै २०२०मध्ये. टोचल्यावर उमटणारे काळेनिळे डाग किती पसरतील याचा नेम नाही आणि कातडीचा बदललेला रंग लांबत राहू शकतो, हे कारण कंपनीनेच दिले. खळगे जावेत म्हणून गेलेल्या बाईला खळग्यांहून ठळक डाग घेऊन परतावे लागण्याची ही शक्यता होती. मला मात्र त्याआधीचाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. तिथे औषध लागावे असे मुळात होते काय?

कातडीखालच्या चरबीत तंतूंचे पडदे असतात. ते कातडीला खालच्या थराशी बांधून ठेवतात. न्युर्नबर्गर आणि म्युलर या संशोधकांनी १९७८मध्ये मांडले की बायकांत हे पडदे बहुतेक उभे असतात, तर पुरुषांत तिरपे, एकमेकांना छेदून जाणारे. गादीला टाके घातले की टाक्याची जागा खाली बसते आणि मधला कापूस वर फुगतो, तसेच इथे घडते. वयात आलेल्या ८० ते ९० टक्के बायकांत हे कमीअधिक प्रमाणात असते, सडपातळ बायकांतसुद्धा. दहांपैकी आठ-नऊ जणींत असणारी ही ठेवण दोन महायुद्धांच्या मधल्या काळात फ्रान्सच्या सौंदर्यविषयक मासिकांनी दोष म्हणून वाचकांपुढे ठेवली. १९६८मध्ये ‘व्होग’ने ती अमेरिकेत नेली. औषध यायला आणखी पन्नास वर्षे लागली. लाज मात्र तेव्हापासूनच घरोघर पोहोचली होती.

क्वोमधले कोलॅजिनेज हे जीवाणूपासून मिळवलेले विकर हेच पडदे तोडत असे. तेच विकर २०१०पासून वेगळ्या कामासाठीही वापरले जाते. काही लोकांच्या तळहातातला कोलॅजिनचा पट्टा आवळत जातो, बोटे आत वळतात आणि सरळ होत नाहीत. त्या पट्ट्यात हे विकर टोचले की तो सैल पडतो आणि डॉक्टरांना बोट सरळ करता येते. ज्याला खिशात हात घालता येत नव्हता, तो माणूस सूज आणि डाग आनंदाने सोसतो. औषध तेच, डागही तसेच. पण बदल्यात काय मिळते, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

चरबीवरच्या इंजेक्शनची गोष्ट निराळी, कारण तिथे परिणाम खरा आहे. सोयाबीनपासून काढलेल्या फॉस्फॅटिडिलकोलिनचे ‘लिपोस्टॅबिल’ हे औषध शिरेतून देण्यासाठी होते. पॅट्रिशिया रिट्टेस या ब्राझीलच्या त्वचारोगतज्ज्ञांनी ते डोळ्यांखालच्या फुगवट्यात टोचून पाहिले आणि २००१मध्ये निष्कर्ष छापले. बघता बघता त्याची लाट आली. २००३मध्ये ब्राझीलच्या आरोग्य नियामकाने सौंदर्यासाठी त्याचा वापर थांबवला. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवले की चरबीच्या पेशी प्रामुख्याने फुटतात त्या फॉस्फॅटिडिलकोलिन विरघळवण्यासाठी मिसळलेल्या डीऑक्सिकोलेटमुळे. हे आपल्या पित्तातलेच आम्ल. खाल्लेले तूप-तेल पचवायला ते आतड्यात मदत करते आणि पेशीवर पडले तर तिचे आवरण मोडते.

२०१५मध्ये ‘कायबेला’ या नावाने त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली, तीही फक्त हनुवटीखालच्या चरबीसाठी. डॉक्टर हनुवटीखाली एकेका सेंटिमीटरवर ठिपके काढतात आणि प्रत्येक ठिपक्यात ०.२ मिली औषध सोडतात. एका खेपेला जास्तीत जास्त पन्नास टोचे, म्हणजे १० मिली. अशा खेपा फार तर सहा, दोन खेपांत किमान महिन्याचे अंतर. आग होते, गळा सुजतो, बधिरपणा राहतो. चाचण्यांत सुमारे ४ टक्के लोकांच्या जबड्याकडेच्या नसेला इजा होऊन हसू वाकडे झाले. ते सगळ्यांचे आपोआप सुधारले, पण काहींना महिनोन् महिने थांबावे लागले.

हाच हिशेब पोटाला लावून पाहावा. वीस सेंटिमीटर लांब, वीस रुंद एवढ्याच जागेत ४०० ठिपके बसतात आणि औषध लागते ८० मिली, ठरलेल्या कमाल मात्रेच्या आठपट. तरीही पोट, दंड, मांड्या यांसाठी कुठलीकुठली मिश्रणे विकली जातात. डिसेंबर २०२३मध्ये अशा मान्यता नसलेल्या इंजेक्शनांबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला. जंतुसंसर्ग, कायमचे व्रण, कातडीखाली गाठी अशा तक्रारी आल्या होत्या. काहींनी तर ऑनलाइन मागवून घरीच टोचून घेतले होते. आपल्याकडे १९५४चा जादुई उपायांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा आहे आणि त्यातल्या रोगांच्या यादीत लठ्ठपणाही आहे. ‘चरबी वितळवा’ अशा जाहिरातींना त्याचा धाक वाटत नाही, याचा मला राग येतो.

शिवाय ही सुई पोहोचते ती चिमटीत येणाऱ्या चरबीपर्यंतच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. कपड्यांतून बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या अंगात केवढी चरबी लपलेली असू शकते, हे त्या एका चित्राने दाखवले. मधुमेह आणि हृदयविकाराशी सगळ्यात जवळचे नाते आहे ते पोटाच्या आत, यकृताभोवती साठणाऱ्या चरबीचे, आणि तिथे असली सुई चालतच नाही. तिथे रोजचे चालणे, ताटातले भात-साखरेचे प्रमाण आणि गरज पडली तर डॉक्टरांनी दिलेले औषध, एवढेच उपयोगी पडते.

दुहेरी हनुवटी घालवावीशी वाटणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही. फोटोत रोज स्वतःला पाहणाऱ्या पिढीची ही इच्छा खरी आहे, आणि मान्य औषध जाणत्या हातातून घेतले तर ती बऱ्याच अंशी पुरीही होते. पण लग्नाआधी चार महिने चौकशीला आलेल्या मुलीची दवाखान्यात कुणी तरी आधी कंबर मोजावी. ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर साखर तपासावी. हसू वाकडे होऊ शकते आणि तसे झाले तर किती दिवस राहू शकते, हे आकड्यानिशी सांगावे. मग हनुवटीचे काय करायचे ते तिचे तिला ठरवू द्यावे.