जोखीम कुणाची, मत कुणाचं?

मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे. जुन्या इमारतींच्या मजबुतीकरणाबद्दल सोसायटीच्या सभांमध्ये बोलतो. शेवटी प्रश्न ठरलेला असतो, "आणि नाही केलं तर?" प्रश्न रास्त आहे. भूकंप कधी येईल हे मला सांगता येत नाही.

सांगता येतं ते एवढंच. बीम कॉलमला मिळतो तो जोड प्लास्टरखाली झाकलेला असतो. इमारत डोलू लागली की दोन्ही बाजूंचे बीम त्याला पिळतात आणि आतलं काँक्रीट तिरकं फाटतं. ते आवळून धरायला रिंगा हव्यात. पण तिथे सळयांची इतकी दाटी असते की अनेक जुन्या इमारतींत नेमक्या तिथल्याच रिंगा गाळलेल्या असतात. (हात आत जात नाही, हेही खरं.) उपाय आहे. बीमला भोकं पाडून नव्या रिंगा ओवायच्या, भोवती काँक्रीटचं जॅकेट घालायचं. किंवा कार्बन फायबरचं कापड इपॉक्सीने चिकटवायचं. धूळ, आवाज, खर्च, आणि शेवटी घर दिसायला होतं तसंच. रंगकामाला पटापट हात वर होतात, याला होत नाहीत.

२६ जानेवारी २००१चा भूकंप कच्छचा. तरी २०० किलोमीटरहून लांब अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या कितीतरींचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा, नुसत्या खांबांवर उभा होता.

स्वतःच्या जिवाची जोखीम घ्यायचा हक्क माणसाला आहे, असं मी मानतो. पेन्शनवर जगणारे आजोबा "एवढे पैसे आणू कुठून?" म्हणतात, तेव्हा माझ्याकडे उत्तर नसतं. पण बहुमताने घेतलेली जोखीम एकट्या सभासदांची नसते. भाडेकरूला मत नाही. पार्किंगमध्ये खाट टाकून झोपणाऱ्या वॉचमनला तर नाहीच, आणि अशा इमारतीत बहुधा आधी बसतो तो त्याचाच मजला. त्याच्या वतीने "चालेल" म्हणायचा अधिकार सभेला कुणी दिला? जोड कच्चा आहे हे माहीत नव्हतं, तोवर गोष्ट वेगळी होती. माझा अहवाल टेबलावर आल्यावर ती तशी राहत नाही.

हल्ली अहवालात मी दोन आकडे जास्तीचे देतो. इमारतीत रात्री किती माणसं झोपतात, आणि त्यांतले सभासद किती. एका सेक्रेटरींनी विचारलं, याचा इंजिनियरिंगशी काय संबंध? मी आकडे तसेच ठेवले. निर्णय पुढच्या सभेवर गेला आहे.