ज्याचं गाणं, त्याची बाजू

गेल्या वर्षी आमच्या टीममध्ये प्रमोशनची जागा एकच होती आणि नावं दोन, माझं आणि माझ्या एका मित्राचं. रिव्ह्यूच्या मीटिंगमध्ये मॅनेजरने एका जुन्या बगचं खापर त्याच्यावर फोडलं. कोडमधली ती ओळ मी लिहिलेली होती. मी गप्प बसलो. प्रमोशन मला मिळालं.

परवा ‘कट्यार काळजात घुसली’ पुन्हा पाहिला. सुबोध भावेंचा, २०१५ सालचा. गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. दरबारात पंडितजींसमोर वर्षानुवर्षं हरणाऱ्या खाँसाहेबांची बायको पंडितजींना शेंदूर खाऊ घालते. पंडितजींचा आवाज जातो. खाँसाहेब राजगायक होतात, पंडितजींची हवेलीही त्यांना मिळते. शेंदूर त्यांनी दिलेला नसतो, फायदा मात्र त्यांचाच होतो.

तरीही ते गायला लागले की मी नकळत त्यांच्या बाजूचा होतो. असं का होत असेल?

मला वाटतं, संगीतपट बघताना आपण मनातल्या मनात एक करार करतो. पात्र जे बोलेल ते तपासून घ्यायचं, जे गाईल ते खरं मानायचं. खाँसाहेब बोलतात तेव्हा घमेंड ऐकू येते. गातात तेव्हा इतकी वर्षं दुसऱ्या नंबरवर राहिलेला माणूस ऐकू येतो.

हे शब्दांमुळे होत नाही. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या मूळ नाटकात (१९६७) ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद दोन चालींत येतं. संगीत जितेंद्र अभिषेकींचं. पंडितजींची चाल संथ, खाँसाहेबांची चपळ, चढाई करणारी. शब्द तेच. एकाला काहीच सिद्ध करायचं नाहीये आणि दुसऱ्याला सगळंच सिद्ध करायचंय, हे फक्त चालीतून कळतं.

गंमत म्हणजे तो आवाजही पात्राचा नसतो. पडद्यावर सचिन पिळगांवकर, गळा राहुल देशपांडेंचा. रंगभूमीवर खाँसाहेब गाजवणाऱ्या वसंतराव देशपांडेंचे ते नातू. आवाज उसना आहे हे माहीत असूनही आपलं मन वितळतं. पंडितजी झालेले शंकर महादेवन मात्र स्वतःच गातात. म्हणूनच त्यांचा आवाज गेल्यावरची शांतता जास्त लागते.

इथेच मी अडकलो. ज्याच्यावर अन्याय झाला, त्याच्याकडे आता गाणंच नाही. ज्याला फायदा झाला, त्याच्याकडे एकाहून एक गाणी आहेत. आणि आपली सहानुभूती गाण्यामागे जाते.

माझ्याकडेही गाणं होतं. दोन वर्षांची जागरणं, घराचा हप्ता, ‘इतकं राबून मला काय मिळालं’ हे रोज रात्री स्वतःला ऐकवलेलं रडगाणं. ते इतक्या वेळा ऐकलं होतं की मीटिंगमधलं माझं गप्प बसणं मला समजण्यासारखं वाटायला लागलं. समजण्यासारखं होतंही. पण खाँसाहेबांचं दुःख खरं आहे म्हणून हवेली त्यांची होत नाही. गाण्यातून माणसाच्या मनात काय चाललंय ते कळतं. तो बरोबर होता की नाही, हे त्याने काय केलं त्यावरूनच ठरवावं लागतं.

सिनेमात पंडितजींच्या वतीने गायला सदाशिव येतो. त्याचा आवाज महेश काळेंचा, आणि त्या गाण्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या मीटिंगमध्ये माझ्या मित्रासाठी बोलू शकेल असा एकच माणूस होता, मी.

सोमवारी मॅनेजरला मेल केला. ती ओळ कुणाची होती, एवढंच लिहिलं. आधी खाली जागरणांबद्दलही एक परिच्छेद लिहिला होता. पाठवण्याआधी तो काढून टाकला.

मित्राने कंपनी सोडून तोवर पाच महिने झाले होते. तोच मेल मग त्यालाही पाठवला. अजून उत्तर आलेलं नाही.