गारेगार आणि नचिकेत

१८३३ च्या सप्टेंबरात बॉस्टनहून आलेलं ‘टस्कनी’ नावाचं जहाज हुगळी नदीतून कलकत्त्याकडे निघालं होतं. गार्डन रीच आणि खिदिरपूर मागे टाकून ते शहराच्या घाटाला लागलं, तेव्हा त्याच्या पोटात सुमारे १०० टन बर्फ होता. निघताना तो १८० टन होता. चार महिन्यांच्या प्रवासात बाकीचा पाणी होऊन गेला. फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने अमेरिकेतल्या तळ्यांवर थंडीत गोठलेलं पाणी करवतीने कापून ते बंगालच्या उकाड्यात विकायला पाठवलं होतं. सरकारने त्यावर जकात घेतली नाही, आणि गव्हर्नर जनरल विल्यम बेंटिंक यांनी बर्फ घेऊन आलेल्या माणसाला चांदीचा चषक भेट दिला. त्याआधी कलकत्त्याला बर्फ माहीतच नव्हता असं नाही. हिवाळ्याच्या रात्री हुगळी-चुचुड्याकडे मातीच्या उथळ परळांत पाणी ठेवून पातळ, गढूळसा बर्फ जमवत असत. पण काचेसारखा स्वच्छ बर्फ तोही भर उन्हाळ्याच्या देशात, हे अप्रूप नवं होतं.

आज त्याच खिदिरपुरात दहा-वीस रुपयांत बर्फ मिळतो आणि तो साधा राहिलेला नाही. फॅन्सी मार्केटच्या गर्दीतून बाहेर पडलं की कुठे तरी आईस्क्रीमची गाडी उभी असते. तिच्या झाकणावर चित्रं चिकटवलेली असतात: तीन रंगांची कांडी, जीभ निळी करणारी कांडी, कार्टूनचा चेहरा असलेली कांडी, आत जेली भरलेली कांडी. मोठ्यांसाठीची कुल्फी कोपऱ्यात कुठे तरी असते. बाकी सगळं झाकण पोरांच्या उंचीवरून वाचण्यासाठी आहे. महाराष्ट्रात ‘गारेगार’ अशी आरोळी ऐकत आणि प्लॅस्टिकच्या नळीतला ‘पेप्सीकोला’ चोखत वाढलेल्या माणसाला हे दृश्य परकं वाटणार नाही.

खिदिरपूर ही गोदीची वस्ती. बंगाली, उर्दू, हिंदी बोलणारे इथे एकमेकांना खेटून राहतात. भूकैलासच्या राजवाड्याजवळ अठराव्या शतकातली दोन शिवमंदिरं आणि त्यांतली प्रचंड शिवलिंगं आहेत. जवळच मशिदी आहेत. पंचवीस पल्लीची दुर्गापूजा इथलीच. रमजानच्या संध्याकाळी इफ्तारच्या पदार्थांनी फुटपाथ भरतो तोही इथेच. एकाच गाडीभोवती चार घरांची पोरं उभी असतात, आणि त्या चार घरांत ‘हे खावं का?’ या प्रश्नाची चार उत्तरं असू शकतात. नव्या पदार्थाला धर्म नेमकं काय विचारतो, हे पाहायला याहून चांगली जागा सापडायची नाही.

धर्माने आजवर असे तीन प्रश्न विचारले आहेत. हे कोणाच्या हातचं आहे? यात काय आहे? आणि हे खाल्ल्यावर माणसाचं काय होतं?

पहिल्या प्रश्नाने एकोणिसावं शतक गाजवलं. बर्फ म्हणजे पाणीच, आणि पाणी कोणाच्या हातचं चालतं यावर तर सगळी सोवळ्याओवळ्याची इमारत उभी होती. मुंबईत १८३४ च्या सुमारास जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आईस्क्रीम वाढलं. यजमानांना आणि पाहुण्यांना सर्दी झाली आणि ‘मुंबई समाचार’ने परक्यांचं अनुकरण केल्याची ही शिक्षा असल्याचा शेरा मारला, अशी हकिगत सांगतात. पुण्यात तर साध्या चहाने रान पेटवलं. १८९० च्या ऑक्टोबरात ख्रिस्ती पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. कोणी चहा घेतला, कोणी कपाला नुसता हात लावला. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं छापून टाकली. त्यांत टिळक होते, रानडे होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, ग्रामण्य झालं, प्रायश्चित्तं घेतली गेली.

हा प्रश्न शास्त्रार्थाने सुटला नाही. तो यंत्राने निकालात काढला. १८७८ मध्ये कलकत्त्यात बर्फाचा कारखाना निघाला, पुढे गावोगावी निघाले, आणि बर्फाला हातच उरला नाही. यंत्राची जात कोण विचारणार? आज वेष्टनावर कंपनीचं नाव असतं, परवान्याचा क्रमांक असतो. ती कांडी साच्यात कोणी ओतली, हे विचारायचं कोणाच्या मनातही येत नाही. शेकडो वर्षांचा एक धाक असा गुपचूप वितळला, याचं श्रेय सुधारकांइतकंच अमोनियाच्या कॉम्प्रेसरलाही द्यावं लागेल.

दुसरा प्रश्न मात्र आज पूर्वीपेक्षा धारदार झाला आहे. जैन परंपरेत बावीस अभक्ष्यांची यादी आहे, त्यात हिम आणि गारा यांची नावं स्पष्ट आहेत. पाण्याच्या थेंबातच जीव मानणाऱ्या विचाराला गोठलेलं पाणी चघळणं हिंसेचं वाटतं. तिथे कांडीचा रंग कोणता, हा मुद्दाच येत नाही. इस्लामी न्यायशास्त्राची सुरुवात उलट टोकाहून होते: निषिद्ध ठरवलं नसेल तोवर प्रत्येक वस्तू मुळात अनुज्ञेय. म्हणून बर्फाला हरकत नाही. हरकत येते ती आतल्या जेलीला. जिलेटिन जनावरांच्या कातड्यापासून आणि हाडांपासून बनतं. ते डुकराचं असेल तर काय, आणि रासायनिक प्रक्रियेने मूळ पदार्थ पूर्ण बदलला तर निषेध टिकतो का, यावर विद्वानांत मतभेद आहेत. पदार्थाचं रूप पालटलं की त्याचा धर्मही पालटतो का, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या कोणत्याही वर्गात शोभला असता. तो इथे वीस रुपयांच्या कांडीवर येऊन बसला आहे.

शाकाहारी हिंदू घराने या सगळ्याचा भार एका हिरव्या ठिपक्यावर टाकला आहे. हा ठिपका भारतात सक्तीचा आहे. दूध चालतं, अंडं चालत नाही, एवढी रेघ सरकारी नियमानेच आखून दिली. ‘आयएनएस ४७१’ हा आईस्क्रीममधला नेहमीचा घटक वनस्पतीच्या तेलापासूनही बनतो आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही. लाल रंगाचा ‘आयएनएस १२०’ तर किड्यांपासून काढतात. पूर्वी हे पाहायला गावात शास्त्रीबुवा लागत. आता वेष्टनाची मागची बाजू वाचता आली की पुरतं, फक्त अक्षरं मुंगीएवढी असतात.

त्यात आणखी एक गंमत आहे. गाडीवर सगळ्याच गोष्टींना आईस्क्रीम म्हणतात, पण कायदा तसं म्हणू देत नाही. साध्या आईस्क्रीममध्ये किमान १० टक्के दुधाची स्निग्धता लागते. दुधाऐवजी वनस्पती तेल असेल तर ते ‘फ्रोझन डेझर्ट’. या भेदावरून हिंदुस्तान युनिलिव्हर आणि अमूल २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात भांडले. पोरांना त्याचं सोयरसुतक नसतं. त्यांची रंगीत कांडी बहुधा या दोन्हींत बसत नाही. ती नुसतं पाणी, साखर, रंग आणि वास असते.

अशी कांडी एकदा मोठ्या माणसाने स्वतः खाऊन पाहावी. पहिल्या घासाला जीभ बधिर होते आणि गोडी कमीच लागते. थंडीत जिभेला साखर नीट कळत नाही, म्हणून कारखान्यात ती सढळ हाताने घालतात. तीच कांडी वितळवून प्यायली तर घशाखाली उतरणार नाही इतकी गोड लागेल. दोन मिनिटं चोखलं की टोकाचा रंग उडतो. पाणी गोठताना बर्फाचे कण शुद्ध पाण्याचे बनतात आणि साखर-रंगाचा पाक त्यांच्या फटींत अडकतो. पोर जोर लावून चोखतं तेव्हा तो पाक आधी तोंडात येतो आणि हातात पांढरा, बेचव बर्फ उरतो. वेष्टनावर मोसंबीचं चित्र असतं. मोसंबी मात्र त्या कांडीजवळूनही गेलेली नसते. आणि तरी उन्हात ती बरी वाटते, हे मान्य केलंच पाहिजे.

इथून तिसरा प्रश्न सुरू होतो. या सुखाचं करायचं काय?

कठोपनिषदातली गोष्ट मुलाचीच आहे. नचिकेत यमाच्या दारात बसतो आणि विचारतो, मेल्यावर माणूस उरतो की नाही? यम त्याला हत्ती, घोडे, सोनं, जमीन, दीर्घायुष्य, नाचगाणं सगळं देऊ करतो. मुलगा नको म्हणतो. हे सगळं उद्यापर्यंतचं आहे आणि इंद्रियांचं तेज झिजवणारं आहे, असं त्याचं म्हणणं. यातूनच श्रेय आणि प्रेय हा प्रसिद्ध भेद निघतो, आणि व्याख्यानांत त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘गोड ते वाईट, कडू ते चांगलं’ असा लावला जातो. त्या हिशेबाने गाडीवरची प्रत्येक कांडी दोषी ठरेल.

पण याच हुगळीच्या काठी वेगळा दाखला मिळतो. १८८५ च्या कडक उन्हाळ्यात दक्षिणेश्वरी रामकृष्ण परमहंसांना भक्तांनी बर्फ वापरून पाहायला सांगितलं. ते लहान मुलासारखे खूश झाले आणि मग जो तो बर्फ घेऊन येऊ लागला. स्वामी सारदानंदांनी लिहिलेल्या चरित्रात ही नोंद आहे, आणि पुढे रामकृष्णांचा घसा दुखू लागल्याचीही. त्यांचे शिष्य विवेकानंद अमेरिकेत जेवणाच्या टेबलावरून लवकर उठत. आईस्क्रीम येणार आहे असं कळलं की पुन्हा बसत, अशा आठवणी तिथल्या स्नेह्यांनी लिहून ठेवल्या आहेत. १८९७ मध्ये परतल्यावर मद्रासला त्यांचा मुक्काम पडला तो ट्यूडरच्या जुन्या बर्फघरातच. या दोघांच्या वैराग्याबद्दल कोणी शंका घेत नाही. मग आईस्क्रीमने त्यांचं काय बिघडलं?

उत्तर यमाच्या वागण्यात आहे. यमाने हत्ती-घोडे देऊ केले ते मुलगा खूश व्हावा म्हणून नव्हे, त्याने प्रश्न सोडावा म्हणून. ती लाच होती. नचिकेताने घोड्यांना दोष दिलेला नाही. त्याने सौदा नाकारला. दक्षिणेश्वरच्या बर्फात सौदा नव्हता. कोणी आणला, कोणी खाल्ला, आनंद झाला, संपला.

या कसोटीवर गाडीवरच्या कांडीकडे पाहिलं तर दोष बर्फात सापडत नाही. तो दोन ठिकाणी सापडतो. एक, वेष्टनावरच्या कार्टूनमध्ये. चव घेण्याआधीच पोराला हट्ट शिकवणं एवढंच त्याचं काम असतं, आणि ते पोराच्या नाही तर विक्रीच्या सोयीचं आहे. दुसरं, आपल्या खिशात. बाजारात रडणाऱ्या, कंटाळलेल्या, अडचणीचं काही विचारणाऱ्या पोराच्या हातात कांडी दिली की पुढची दहा मिनिटं शांततेत जातात, हे प्रत्येक आईबापाला ठाऊक असतं. तेवढ्यापुरता आपण यमाचा धंदा करतो, फक्त आपले हत्ती स्वस्त असतात.

हट्टाला प्रत्येक वेळी नकार द्यावा, असा याचा अर्थ नाही. खिदिरपूरच्या गाडीशी एक मुलगा कांडी खातो आणि त्याचा दोस्त रोजा आहे म्हणून नुसता उभा राहतो. शेजारच्या तिसऱ्याला आईने जेलीवाली घ्यायला मनाई केलेली असते. कांडी खाणारा विचारतो, ‘हा का खात नाही?’ त्या वयात धर्माविषयीचा याहून खरा प्रश्न कोणाला पडत नाही. तेव्हा घाई करून दुसरी कांडी घेऊन देऊ नका. गाडीच्या सावलीत पाच मिनिटं थांबा, वेष्टन उलटं करून त्याच्यासोबत वाचा, दोस्ताचा रोजा म्हणजे काय ते त्या दोस्तालाच सांगू द्या, आणि जे आपल्याला सांगता येत नाही ते सांगता येत नाही असं पोराला कबूल करा.