बौन्याची सहावी पायरी

माणसाचा दर्जा जन्माने ठरतो की कमाईने, हा प्रश्न किताबात सोपा आणि मोहल्ल्यात अवघड आहे. कबिले आणि जमाती केवळ ओळखीसाठी आहेत, मोठेपणा तकव्याचा, हे सूरह हुजुरातमधले सांगणे आमच्या वर्गातली पोरेही सांगतात. पण घरात पैगाम आला की पहिला प्रश्न तकव्याचा नसतो, बिरादरीचा असतो. मुलगी बी.एड. झालेली, मुलगा नोकरीला, दोन्ही घरे नमाजी. तरी ‘ते पिंजारी, आपण शेख’ एवढ्यावर बोलणी मोडतात. आमचे किन्हीराजा मालेगाव तालुक्यात आहे (वाशीम जिल्ह्यातले मालेगाव, नाशिकचे नव्हे). आपल्या गावात असे होत नाही, हे वाचकांनी छातीवर हात ठेवून सांगावे.

अशा वेळी ‘कुफू’ पुढे केला जातो. हनफी फकीहांनी निकाहातली बरोबरी पाहताना नसब, पेशा, मालमत्ता यांचाही विचार केला. इमाम मालिक यांनी भर दीनदारीवर दिला. पहिले मत आम्हांला तोंडपाठ आहे. दुसऱ्याचे नाव बैठकीत कोणी काढत नाही.

दर्जाबद्दलची माणसाची खरी समजूत तकरीरीपेक्षा खेळात लवकर उघडी पडते, असे आम्हांला वाटते. महाराष्ट्रात परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगितला जाणारा मोक्षपट घ्या. ही जुनी सापशिडीच. शिडी पुण्याची, साप पापाचा. सूफींचाही असा पट आहे, शतरंज-उल-आरिफीन, आणि तो इब्न अरबींच्या नावावर सांगतात. गंमत अशी की घरांची नावे नीतीची आणि चाल मात्र नशिबाची. शिडी चढणाऱ्याने काहीच केलेले नसते. अकराव्या शतकात इमाम कुशैरींनी आपल्या रिसाल्यात ‘हाल’ आणि ‘मकाम’ यांत फरक केला : हाल ही देणगी, मकाम ही कमाई. या पटावर मकाम मिळतो तो हालसारखा, पडलेल्या दानाने.

याच्या उलट एक खेळ आहे. मोहल्ल्यातला एक मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला गेला आणि सुटीत तो घेऊन आला. नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी तो १९७४ साली काढला. चारपाच जण टेबलाभोवती बसतात, एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतले योद्धे, जादूगार होतात. आपल्या दास्तान-ए-अमीर हमजामध्ये स्वतः शिरावे तसे. फासे इथेही आहेत, पण पायरी चढायला अनुभवाचे गुण साठवावे लागतात. जुन्या नियमात योद्ध्याला दुसऱ्या पायरीसाठी २,००० आणि चौथ्यासाठी ८,००० गुण लागत. चौथ्या पायरीवर त्याला ‘हिरो’ म्हणत, नवव्यावर ‘लॉर्ड’. लॉर्डने किल्ला बांधावा आणि रयतेकडून कर घ्यावा.

कमाईचा दर्जा म्हणून हे ऐकायला बरे वाटते. पण गुण मिळत कशाचे? राक्षस मारल्याचे थोडे, खजिना आणल्याचे जास्त. साधारण एका सोन्याच्या नाण्याला एक गुण. म्हणजे ज्याला अनुभव म्हटले ती बरीचशी दौलतच होती. आखातातून चार वर्षांत परतलेला माणूस मशिदीच्या कमिटीत पुढे बसतो आणि चाळीस वर्षे अजान देणारा दाराशी, तेव्हा आपणही हाच हिशेब करत असतो. कमाईची शिडी आपोआप न्यायाची होत नाही. काय मोजायचे हे कोणी ठरवले, ते आधी पाहावे लागते.

आणि त्या खेळात जन्मही होताच. माणसाचे पात्र हवे तितके चढू शके. बौना योद्धा सहाव्या पायरीवर थांबे आणि त्याहून ठेंगणा हॉबिट चौथ्यावर. पुढे कितीही लढा, पायरी नाही. कारण असे दिले जाई की या जमातींना जन्मतः काही खास गुण असतात, मग मर्यादा नसेल तर माणूस कोण निवडेल? हे कारण आम्हांला फार ओळखीचे वाटले. ‘त्यांच्या हातात हुनर आहे, त्यांना शाळा कशाला?’ हे आम्ही पालकांच्या सभेतही ऐकले आहे. खेळातली ही मर्यादा २००० सालच्या आवृत्तीत काढली गेली. २०२४ च्या आवृत्तीने तर ‘वंश’ हा शब्दही टाकून ‘प्रजाती’ घेतला. मर्यादा काढल्यावर माणसाचे पात्र निवडणारे काही संपले नाहीत.

आपल्याकडे नियम बदलण्याची अशी वेळ १९९४ साली आली. शरद पवार मुख्यमंत्री असताना राज्याने मुसलमानांतल्या मागास बिरादऱ्यांना ओबीसी सवलतींचा मार्ग मोकळा केला. इस्लाममध्ये जात नाही, मग दाखला कसला, असा आक्षेप तेव्हापासून ऐकू येतो. आक्षेप घेणाऱ्यांची नियत आम्ही तपासत नाही. पण जात नाही हे वाक्य दाखल्याच्या वेळी आठवते आणि पैगामाच्या वेळी विसरते, याला काय म्हणावे? दाखल्याने बागवानाचे, मोमिनाचे पोर डी.एड., बी.एड.च्या वर्गात पोचले. तिथून पुढे निकाहाच्या बैठकीत त्याची पायरी अजून सहावीच आहे, आणि ती मर्यादा कोणत्याही सरकारी कागदात लिहिलेली नाही. ती आपल्याच बैठकीत, चहा येण्याआधी ठरते.