चकवा आणि चक्रव्यूह

चंद्रपुरात आम्ही चारसहा वाचक अधूनमधून जमतो. मागच्या खेपेला अ‍ॅडम फोल्ड्सची ‘द क्विकनिंग मेझ’ ही २००९ सालची कादंबरी होती. लंडनजवळच्या एपिंग जंगलात डॉ. मॅथ्यू अ‍ॅलन यांनी वेड्यांसाठी काढलेला आश्रम, तिथे १८३७ पासून १८४१ पर्यंत राहिलेला शेतमजूर कवी जॉन क्लेअर आणि जवळच राहायला आलेला तरुण टेनिसन, अशी ही खऱ्या माणसांची गोष्ट. दहाव्या मिनिटाला चर्चा ठरलेल्या जागी जाऊन बसली : कवी आणि वेडा यांच्यात एका पावलाचे अंतर. सगळ्यांनी माना डोलावल्या. चहा आला.

मला हे वाक्य सहन होत नाही. अ‍ॅलनच्या आश्रमात कविता न करणारेही वेडे होतेच. त्यांचे वेड मग कोणत्या खात्यात टाकायचे? टेनिसनचा भाऊ सेप्टिमस तिथे रुग्ण होता आणि कवी म्हणून नाव झाले ते बाहेर राहिलेल्या टेनिसनचे. क्लेअरचा पहिला संग्रह १८२० चा, म्हणजे आश्रमाच्या सतरा वर्षे आधीचा. त्यानंतर लंडनची हौस फिटली, घरात पोरे वाढली, देणी वाढली. तरी तो लिहीत राहिला, कारण ते त्याचे काम होते, कुदळीसारखे. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे हे ‘एका पावलाचे अंतर’ काही रसिकांनी शोधलेले नाही. १८४१ च्या डिसेंबरात क्लेअरला नॉर्दम्प्टनच्या इस्पितळात घालताना डॉक्टरने वेडाआधीच्या मानसिक श्रमांच्या रकान्यात त्याच्या अनेक वर्षांच्या कवितेच्या नादाचीच नोंद केली. आपण कौतुकाने जे म्हणतो तेच त्या कागदावर होते. त्या कागदावर तो बावीस वर्षांहून अधिक काळ आत राहिला आणि १८६४ मध्ये तिथेच गेला. (आमच्या भागातून माणसे जिथे नेतात ते नागपूरचे मनोरुग्णालय त्याच साली सुरू झाले. भामरागडहून ते आजही तीनशे किलोमीटरांच्या पलीकडे आहे.)

याचा अर्थ वेड नुसते कागदावरच असते, असाही नाही. फ्रेंच विचारवंत फूकोचे नाव घेऊन सगळे वेड सत्तेने रचले म्हणणाऱ्यांनी घरात एक रुग्ण सांभाळून पाहावा.

आमच्यातल्या एकाने कादंबरीच्या नावातल्या ‘मेझ’ला ‘चक्रव्यूह’ म्हटले. मी ‘चकवा’ म्हटले आणि त्यावरून वाद झाला. चक्रव्यूह कुणीतरी रचतो. त्याला सेनापती असतो, हेतू असतो. चकव्याला रचणारा नसतो. मोह वेचायला पहाटे निघालेली कुरखेड्याकडची एक म्हातारी मला सांगत होती : झाड तेच, नाला तोच, पण पाय फिरून फिरून त्याच दगडाशी येतात. परक्या रानात माणूस नुसता हरवतो. चकवा लागतो तो ओळखीच्या रानात. अशा वेळी जागीच बसायचे, उजाडेस्तोवर, असे ती म्हणाली.

चक्रव्यूहवाल्यांची, म्हणजे क्लेअरला व्यवस्थेने वेडे केले म्हणणाऱ्यांची, बाजू कच्ची नाही, हे मान्य करतो. क्लेअरच्या हेल्पस्टन गावची मोकळी राने, गायराने कुंपणात घालण्याचा कायदा १८०९ चा. तो ज्या जंगलात राहिला ते एपिंग १८७८ च्या कायद्याने लोकांसाठी कायमचे मोकळे राहिले. त्याच १८७८ सालच्या भारतीय वन कायद्याने आमच्याकडची राने राखीव होत गेली. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला आपल्याच जंगलावरचा सामूहिक हक्क कागदावर मिळायला २००९ उजाडले. हा व्यूहच आहे, रचणाऱ्यांच्या सह्यांसकट. पण कुंपणे सगळ्या गावाभोवती पडली आणि भ्रम एकट्या क्लेअरला झाला. व्यूहाने रान बदलले, इतके मी मान्य करीन. त्या रानात त्याचे पाय का फिरत राहिले, ते व्यूहातून कळत नाही.

आणि चकवा लागलेल्याला गावाबाहेर काढलेच पाहिजे, असेही नाही. तेराव्या शतकात ऋद्धिपूरचे लोक महानुभावांच्या गुंडम राऊळांना वेडे म्हणत आणि त्याच तोंडाने आई-बापही म्हणत. राऊळ गावातच हिंडत राहिले. आश्रयस्थानाचे म्हणाल तर आमच्या वरोऱ्याला, गावाने टाकलेल्या कुष्ठरोग्यांसाठी, ते एका कवीनेच उभे केले. त्या कवीला, बाबा आमट्यांना, कुणी वेडे म्हटले असेलही, पण दाखल कुणी केले नाही.

चकव्यात माणसाची अक्कल जात नाही, हे माझे खरे म्हणणे. जुलै १८४१ मध्ये क्लेअर आश्रमातून निघाला आणि चार दिवसांत सुमारे ऐंशी मैल चालून घराकडे गेला. खिशात काही नाही. भूक लागली तेव्हा रस्त्याकडेचे गवत खाल्ले. रात्री निजताना डोके उत्तरेला करून निजला, म्हणजे सकाळी उठल्यावर कुठे जायचे ते कळावे. यात काय वेडे आहे? आमचा तेंदूपत्त्याचा मजूरही परक्या रानात असेच काही करील. फक्त तो निघाला होता मेरीकडे. लहानपणीची ही मैत्रीण आपली बायको आहे, असे त्याला वाटे, आणि ती तर तीन वर्षांपूर्वीच वारली होती. घर जवळ आले तशी समोरून एक गाडी आली. एका बाईने उडी टाकून त्याचे हात धरले, गाडीत बस म्हणाली. त्याने नकार दिला. ही दारू प्यालेली असावी किंवा वेडी, असे त्याला वाटले. ती त्याची बायको पॅटी होती.