सोर्स दिला, म्हणजे सगळं दिलं?

एखादी गोष्ट ‘सगळ्यांसाठी खुली आहे’ असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय म्हणत असतो? तिला कुलूप नाही, एवढंच? की कुणालाही आत जाऊन काम करता येईल, असं?

कोड::ब्लॉक्स घ्या. सी शिकणाऱ्या आपल्याकडच्या कित्येक मुलांनी पहिला प्रोग्रॅम याच आयडीईत लिहिलेला असतो. तो ओपन सोर्स आहे. त्याचा कोड कुणीही उतरवून घ्यावा, बदलावा, वाटावा. लिनक्सवर सोर्सपासून बिल्ड करायचा तर कागदावर तीनच पायऱ्या: बूटस्ट्रॅप, कॉन्फिगर, मेक.

प्रत्यक्षात कॉन्फिगरच अडतं. खिडक्या-बटणं काढणारी डब्ल्यूएक्सविजेट्स लायब्ररी त्याला सापडत नाही. कधी लायब्ररी मशीनवर असतेही, पण हेडर फाइल्स वेगळ्या ‘डेव्ह’ पॅकेजात असतात. ते टाकलं की मेक सुरू होतं आणि स्क्रीनभर एरर येतात. त्यातला पहिला वाचायचा. खालचे बरेचसे त्याच्यामुळेच आलेले असतात. कधी कंपायलर मध्येच बंद पडतो आणि फक्त ‘किल्ड’ म्हणतो. तेव्हा बहुतेक वेळा कोडात काहीच चुकलेलं नसतं. मेकला एकदम आठ फाइली कंपाइल करायला सांगितलेलं असतं, रॅम संपते, आणि लिनक्स कंपायलरलाच मारून टाकतं. आठच्या जागी एक लिहिलं की काम होतं, वेळ मात्र कितीतरी जास्त लागतो.

माझा प्रश्न इथे सुरू होतो. सोर्स पुण्यात तोच, धडगावातही तोच. पण सोळा जीबी रॅमवाल्याला हा ‘किल्ड’ कधी दिसतच नाही. हॉटस्पॉटवर जुना लॅपटॉप चालवणाऱ्या मुलीला तो दिसतो, आणि तिला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. परवानगी दोघांना सारखी मिळाली. स्वातंत्र्य सारखं मिळालं का?

परवाना लिहिणाऱ्यांना याची थोडी जाण होती. १९९१च्या जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत सोर्सच्या व्याख्येतच कंपाइल आणि इन्स्टॉल करायच्या स्क्रिप्टही धरल्या आहेत. नुसता कोड देणं म्हणजे देणं नव्हे, हे त्यात मान्य आहे. पण परवाना रॅम देऊ शकत नाही, आणि एरर वाचायचा धीरही नाही.

कुणी म्हणेल, तयार पॅकेज मिळतं की, एवढा खटाटोप कशाला? शिवाय स्वतः बिल्ड केलं म्हणून खात्री मिळते असंही नाही. केन थॉम्पसन यांनी १९८४मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात दाखवलं होतं, की खुद्द कंपायलरच बिघडवलेला असेल तर स्वच्छ सोर्समधूनही खोटा प्रोग्रॅम बाहेर पडू शकतो. म्हणजे शेवटी कुणावर तरी विश्वास ठेवावाच लागतो.

मान्य. पण विश्वासाचेही प्रकार असतात. २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभलीत देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. तिथे मशीनवर बोट ठेवणाऱ्याला आत काय चाललंय हे उघडून बघायची सोय नव्हती. ओपन सोर्सवरचा विश्वास वेगळा, कारण तो कुणीतरी तपासू शकतं. मात्र हे ‘कुणीतरी’ नेहमी त्याच चार शहरांतलं असेल, तर तोही विश्वास हळूहळू टेंभलीसारखाच होतो. सगळ्यांनी बिल्ड करायची गरज नाही. कुठूनही कुणालातरी करता आलं पाहिजे.

म्हणून मला वाटतं, जबाबदारी कोड देणाऱ्यावर संपत नाही. ज्याचं बिल्ड पार पडलं, त्याच्यावरही ती येते. कॉलेजच्या ग्रुपवर ‘झालं रे’ एवढंच टाकून मोकळं होणं सोपं असतं. कोणतं पॅकेज कमी होतं, कोणता आकडा बदलला, हे चार ओळी मराठीत लिहायला दहा मिनिटं लागतात. सातपुड्यातली पायवाट चालणाऱ्यांच्या पायांनी आपोआप पडते. इथे पाऊल उमटत नाही, मुद्दाम उमटवावं लागतं. ते न उमटवता पुढे गेलेला माणूस कोणताही परवाना मोडत नाही. पण मागून येणारीचं काहीतरी देणं त्याच्याकडे राहूनच जातं.